पाठमोरी माय

मारोती खिल्लारेची माय गेली तेव्हा तो इतका लहान होता, की तिचा चेहरा त्याच्या डोळ्यांत राहिलाच नाही. परभणीकडच्या त्या खेड्यात फोटो काढून ठेवण्याची ऐपत कुणाची होती? उरलं ते एक स्वप्न. दुधना नदीच्या काठाकाठानं जाणारी पायवाट, पुढे गवताचा भारा डोक्यावर घेतलेली माय आणि मागे अनवाणी तो. पाय भाजतायत, तो ओरडतोय, "माय, थांब ना!" ती थांबत नाही. वळूनही बघत नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर तो गावकऱ्यांसोबत ठाण्याकडे आला. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात चिकटला, तळवलीत यशोदाबाई पाटलांच्या चाळीत खोली घेतली, लग्न केलं. स्वप्नानं मात्र त्याची पाठ सोडली नाही. रात्रपाळी करून सकाळी अंग टाकलं, की दुपारच्या झोपेत ती पायवाट यायची. आणि ती येऊन गेली, की त्याची बोटं शिवशिवायची.

नव्या शहरासाठी जागोजागी खणाखणी चालली होती. खाडीकडून करडी, लोण्यासारखी माती वर यायची. मारोती पाटीभर माती आणायचा आणि खोलीबाहेरच्या पडवीत बसून बायका घडवायचा. सगळ्या पाठमोऱ्या. ओझ्याखाली ताठलेली मान, कमरेला खोचलेला पदर, एका पायावर आलेला भार. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या नुसत्या पाठीकडे बघूनही बाई किती थकलीय ते कळायचं.

यशोदाबाई हसायची. "मारोती, तुज्याशी भांडल्यान का र या? येकीचं तोंड दिसत नाय."

"मलाच कुठं दिसतंय, मावशी?" तो म्हणायचा.

त्याची थोरली बहीण दुर्गाक्का गावाकडेच दिलेली होती. माय गेली तेव्हा ती जाणती होती. गावी गेला की तो तिला खोदून खोदून विचारायचा.

"अक्का, मायचं नाक कसं व्हतं?"

"कसं असंल? नाकासारखं नाक. मायचं." आणि ती पदर डोळ्याला लावायची. त्यापुढे विचारायची त्याची छाती होत नसे.

चौऱ्याऐंशी साली तुर्भ्याच्या डोंगराखालच्या वस्तीत विहार बांधून झाला. तिथली सगळी माणसं मराठवाड्यातली. विहार समितीचे रावसाहेब वाघमारे मारोतीच्याच कारखान्यातले. ते पडवीत येऊन त्या पाठमोऱ्या बायका बराच वेळ न्याहाळत राहिले.

"मारोती, आपल्याला महामायेची मूर्ती पाहिजे. कुशीत बाळ सिद्धार्थ. बुद्धपौर्णिमेच्या आत. जमंल?"

मारोतीनं क्षणात हो म्हटलं. त्याला वाटलं, एवढं मोठं काम हातात घेतल्यावर तरी माय वळेल.

तारेचा सांगाडा उभा राहिला, त्यावर माती चढली. पाय झाले, लुगड्याच्या निऱ्या झाल्या, बाळही झालं. चेहऱ्याच्या जागी गोळा तसाच. मारोती रोज दुपारी आशेनं झोपायचा. स्वप्न पडायचं, ती पुढे चालत राहायची. एकदा तर त्यानं स्वप्नात धावत जाऊन तिला गाठायला बघितलं. जेवढा तो धावला तेवढी वाट लांबली.

पौर्णिमा तोंडावर आली. रावसाहेब दोनदा येऊन गेले. "अरे, बायांनी वर्गणी काढून फुलं सांगितलीत. आता काय सांगू त्यांना?"

त्या दुपारी मारोतीची बायको सुंदराबाई पडवीत लेकीला मांडीवर घेऊन भरवत होती. घास घेताना लेक हसली, तशी तीही हसली. मारोतीनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मातीच्या गोळ्यावर हात ठेवला. दिवस मावळायच्या आत तेच हसू घेऊन चेहरा पुरा झाला. मग त्यानं प्लास्टरचा साचा काढला आणि पांढऱ्या सिमेंटची मूर्ती ओतली.

विहारात मूर्ती बसली तेव्हा बायका रडल्या. म्हाताऱ्यांनी मारोतीच्या डोक्यावरून हात फिरवला. गावाहून दुर्गाक्का आली होती. ती मूर्तीसमोर उभी राहिली ती हलेचना.

"ही न्हाई माय," ती शेवटी म्हणाली.

"मला ठावं हाय, अक्का. पण मग कशी व्हती? आज तरी सांग."

अक्कानं डोळे मिटले. ओठ हलले. मग तिनं घाबरून डोळे उघडले. "थांब... आता हीच यायलीय रे डोळ्यांपुढं. मघापर्यंत माय व्हती, चांगली व्हती." तिनं मारोतीचा हात धरला. "काय करून ठेवलंस रे, बापू?"

त्याच आठवड्यात स्वप्न पडलं. तीच वाट, तोच भारा. मारोतीनं हाक मारली आणि माय थांबली. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते आता होणार होतं. ती वळली. पांढरं सिमेंटचं तोंड, त्याच्याच कोरणीनं काढलेलं हसू.

तो ओरडत उठला. सुंदराबाई धावत आली. तिचा चेहरा बघून त्यानं मान फिरवली, आणि ते तिला लागलं.

"माझं तोंड नकोसं झालं का तुमाला?"

"तुझं न्हाई ग," तो म्हणाला.

तो रावसाहेबांकडे गेला. "मूर्ती परत द्या. दुसरी करून देतो, फुकट."

रावसाहेबांनी त्याला शेजारी बसवलं. "मारोती, ती आता तुझी राहिली का? बाया तिच्यापुढं बसून मन हलकं करतात. कोणत्या तोंडानं काढू तिला तिथून?"

मारोती घरी परतला. त्यानं पुन्हा पाठमोऱ्या बायका करून पाहिल्या. पाठ घडवता घडवता पलीकडे काय आहे ते त्याला दिसायचं आणि हात लुळे पडायचे. माती पाटीतच वाळून भेगाळली. स्वप्न अजून पडायचं. ती पुढे चालायची, मागून तो. तो आता हाक मारत नसे.

पुढच्या वर्षी नेरूळकडच्या वस्तीतली चार माणसं रावसाहेबांची ओळख घेऊन आली. त्यांनाही महामाया हवी होती, अगदी तशीच.

"अशी मूर्ती दुसरीकडं न्हाई बघितली आमी," त्यांच्यातला म्हातारा हात जोडून म्हणाला.

नाही म्हणायला मारोतीला तोंड नव्हतं. त्यानं माळ्यावरून तोच साचा खाली काढला, आतून तेलाचा हात फिरवला आणि सिमेंट कालवायला बसला.