पंख्यावरची धूळ

शहापुरातल्या बोळात एका अण्णांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझा गेमिंगचा जुना कॉम्प्युटर उघडला की ते आधी आतल्या पंख्यावरून बोट फिरवायचे आणि बोटावरची धूळ बघून सांगायचे, "यंदा लई खेळलास रं."

नवा गेम अडखळायला लागला की मी विचारायचो, "अण्णा, आता नवाच घेऊ?"

ब्रशनं धूळ झाडत ते म्हणायचे, "घे की. पर ह्यो अजून मेला न्हाय."

गेल्या दिवाळीत त्यांना न विचारताच मी नवा ऑनलाइन मागवला. जुना कुणाला तरी विकून द्या, असं सांगायला तो घेऊन दुकानात गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेलं ग्राफिक्स कार्ड काढलं.

"तुझ्यासाठी ठेवलतो. ह्यानं गेम अडखळायचा न्हाय. चौघं मागून गेली, दिलो न्हाय."

त्यांनी ते बसवलंसुद्धा. नवा घेतल्याचं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

तो कॉम्प्युटर तेव्हापासून पलंगाखाली चादरीत गुंडाळून पडलाय. परवा अण्णा रस्त्यात भेटले. "सहा महिनं झालं की रं. धूळ काढायला आण."

आणतो म्हणालो. पण नेऊ कसा? ते पंख्यावरून बोट फिरवतील, आणि बोटाला काहीच लागणार नाही.