आधी पाहा, मग कालवा

माझ्या वहिनीइतकं डोळ्यांनी जेवणारं माणूस उभ्या भंडारा जिल्ह्यात दुसरं झालं नसेल, आणि तिनं सजवलेलं सगळं मुकाट्यानं गिळणारा माझ्यासारखा दीरही दुसऱ्या कुणा वहिनीला मिळाला नसेल. ती कारध्याची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन सानगडीला आमच्या घरी आली, ती माहेरची पितळी भांडी आणि ती मांडायचं एक शास्त्र बरोबर घेऊनच. फळीवर डावीकडे मोठा गंज म्हणजे पातेलं, मग उतरत्या क्रमानं गडवे, मागे परात उभी. चिंच लावून ती भांडी अशी लखलखीत ठेवी की मी त्यांत पाहून दाढी करत असे, आणि चेहरा मुळात कसा आहे हे विसरून जात असे. एकदा तहान लागली म्हणून मी त्यातला एक गडवा उचलला.

"भाऊजी, पाणी पेयाचं होतं तं मले सांगाचं. हे काय पेयाचे गडवे होय?"

"मग कशाचे?"

"पाहाचे."

घरात पिण्याचे गडवे वेगळे आणि पाहायचे वेगळे असतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

स्वयंपाकाच्या पुस्तकांचंही तिचं तेच. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, हौसेनं एक मराठी पुस्तक आणून दिलं होतं. बारीक छपाई, चित्र नावाला नाही. तिनं ते चार पानं चाळून मिटलं. "यात भूकच नाई लागून राहिली," म्हणाली. मग भंडाऱ्याच्या बाजारात रद्दीवाल्याकडे तिला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. गुळगुळीत पानं, पानोपानी रंगीत फोटो. इंग्रजी तिला येत नव्हतं आणि मला येतं असा घरात समज होता. माझं इंग्रजी कचेरीच्या पत्रांपुरतं. वाचता वाचता कुठं अडलं की मी "आवश्यकतेनुसार" असं ठासून सांगे आणि पुढं जाई. त्यामुळे आमच्याकडे बरीच वर्षं मीठ, तिखट, साखर, सगळंच आवश्यकतेनुसार पडत होतं. दिसायला मात्र पदार्थ थेट फोटोसारखा होई. फोटोत चेरी असली तर वहिनी पिकलं बोर ठेवी, आणि हिरवं काही दिसलं की सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सांबाराशिवाय तिच्या हातचं ताट कधी पुढं आलं नाही.

त्याच पुस्तकात एक गोरी बाई ओट्याशी उभी राहून स्वयंपाक करत होती. "ही उभी राहून रांधून राहिली, अन् हसूनही राहिली," वहिनी म्हणाली. "मंग मीच काहून बसून रडत रांधावं?" मी तेव्हा साकोलीला बांधकामाच्या कचेरीत सिमेंटच्या गोण्यांची आवकजावक लिहीत होतो. एवढ्यावर मला बांधकाम कळतं असं वहिनीनं ठरवलं, आणि मीही काही नाकारलं नाही. फोटोतल्या बाईच्या कमरेएवढा ओटा होता, म्हणून मी कमरेएवढाच बांधला. फक्त कंबर माझी घेतली. वहिनी माझ्या खांद्याला लागते. ओटा तिच्या छातीपर्यंत आला आणि ती बिचारी पाटावर उभी राहून भाकरी थापू लागली. गावात गॅस यायचा होता, त्यामुळे ओट्यावर चूलच बसवली. तिच्यातली लाकडं बाहेर अशी डोकावत की जाणाऱ्या-येणाऱ्याच्या बरगडीत एखादं टोचायचंच. सगळं गाव तो ओटा पाहायला आलं, आणि बांधला कुणी हे मी कुणालाही सांगितलं नाही.

एवढा थाट ज्याच्यासाठी, त्या नवऱ्यानंच तो मातीत घालावा, हे वहिनीचं खरं दुःख होतं. दादा शाळेत मास्तर. ताट पुढं आलं रे आलं की वरण, भात, भाजी, लोणचं, सगळं एकत्र कालवून मोकळा. "पोटात जाऊन हेच होते ना," म्हणायचा. वहिनीनं त्याच्याकडे लुगडं-दागिना कधी मागितला नाही. ती एवढंच म्हणे, "कालवा ना, पन आधी एकदा पाहा तरी." दादा मान हलवी आणि कालवू लागे. मला फार वाईट वाटे, पण भूकही लागलेली असे.

मग माझ्या लग्नाचं निघालं. दोन ठिकाणचे नकार पदरात होते. पहिल्यांनी मला पाहून दिला, दुसऱ्यांनी माझं बोलणं ऐकून. तिसऱ्या वेळी लाखनीकडची मंडळी, मुलीचे वडील आणि आत्या, आमचं घर पाहायला येणार होती. वहिनीनं पुस्तकातला सगळ्यात मोठा फोटो काढला. पाहायच्या गडव्यांपैकी एकात भात दाबून परातीत उपडा केला, वर टमाटर, भोवती गाजराची फुलं आणि सांबार, आणि परात बैठकीत मधोमध पाटावर ठेवली. घरात चुलीचा धूर कोंडला होता, म्हणून शेजारी उदबत्ती लावली.

पाहुणे पाय धुऊन आत आले. वडिलांनी टोपी काढली आणि भातासमोर हात जोडले. आत्यांनी हळदकुंकू मागितलं आणि टमाटरला वाहिलं. आणि मी? होणाऱ्या सासऱ्यांची चूक दाखवायची माझी काय बिशाद. मीही त्यांच्यामागे वाकून नमस्कार केला. मग ते दोघं जेवण कधी येतं याची वाट पाहत बसले, आणि आम्ही ते कधी सुरू करतात याची. तेवढ्यात दादा शाळेतून आला, हात धुऊन बसला आणि त्यानं सरळ त्या भातात हात घातला.

"अवो मास्तर," आत्या म्हणाल्या, "देवाचं हाय ना थे."

"देव कायचा? भात हाय."

वहिनी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. आत्या तिच्यामागे. तिसरा नकार आला असं समजून मी भात खायला घेतला. आतून मात्र आत्यांचा आवाज आला, "इथं उभ्यानं रांधता तुमी?" आणि मग बराच वेळ नुसती कुजबुज. बाहेर येऊन आत्या आपल्या भावाला म्हणाल्या, "भाऊ, आपल्या पोरीचा गुडघा वाकत नाई. चुलीपुढं बसता येत नाई म्हनून लोकं नाई म्हनतात. इथं थिले बसाचं कामच नाई. मले हे घर पसंत हाय." माझ्याकडे त्यांनी तेव्हाही पाहिलं नाही. लग्न माझ्याशी झालं, पसंती ओट्याला. बायको माझ्याएवढीच उंच निघाली, त्यामुळे ओटा तिला मापात बसला, आणि तो खास तिच्यासाठीच बांधला होता असं मी आजतागायत सांगत आलो आहे.

पुढं दादाची बदली भंडाऱ्याला झाली. मिळालेल्या घरात ओटा, टाइल्स, गॅस, स्टीलचे डबे, सगळं अगदी त्या पुस्तकातल्यासारखं होतं. मी आणि बायको ते पाहायला गेलो. वहिनीनं ताटात डावभर भात टाकला, वर वरण ओतलं, बस. मी विचारलं तर म्हणाली, "इथं समदं आधीच चांगलं दिसते, भाऊजी. अन् ताटाकडं पाहून कोन राहिलं?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं. मी खाली मान घालून कालवायला लागलो.

दादानं मात्र हात उचलला नव्हता.

"काय झालं? केस हाय का?" वहिनीनं विचारलं.

"नाई. आज सांबार नाई वाटते वरतं."

"तुमाले काय त्याचं? कालवाचंच हाय ना."

"हव," दादा म्हणाला. "पन पाहतो ना मी आधी. रोजच पाहतो."

वहिनी वळली. ओट्याशी पाठमोरी उभी राहून ती किती तरी वेळ सांबार निवडत होती. तोवर दादानं भाताला हात लावला नाही, आणि मीही माझा घास ताटात तसाच ठेवला.