रेडिएटरचं झाकण

सासऱ्यांचा हात धरायची वेळ माझ्यावर एकदाच आली, तीही भर रस्त्यात.

धाकट्या मेहुणीचा साखरपुडा धुळ्याला होता. बाकीची मंडळी आदल्या दिवशीच पोचली होती. सावद्याहून आम्ही तिघं निघालो, मी, बायको आणि आबा, म्हणजे माझे सासरे. जीप त्यांची जुनी. केळीच्या मळ्यात राबलेली, आणि तिच्यावर त्यांचा भारी जीव. मे महिना, दुपारचं ऊन. एरंडोल मागे पडलं आणि बॉनेटखालून वाफ यायला लागली. आबांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, उपरणं ओलं करून हाताला गुंडाळलं आणि थेट रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

मी त्यांचं मनगट धरलं.

"आबा, थांबा. आत्ता उघडू नका."

"हात सोडा. गाडी मी आज चालवतोय का?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पण जावयानं सासऱ्याचा हात धरणं कुठल्याच पुस्तकात बसत नाही. तरी सोडला नाही. म्हणालो, "आतलं पाणी शंभर अंशांच्या वर तापलंय. वरून दाब आहे म्हणून ते पाणीच राहिलंय. झाकण उघडलं की दाब जाईल आणि त्याची एकदम वाफ होईल. तोंडावर येईल सगळी."

"बठ्ठे पाहुणे तिथं वाट पाहताहेत आणि तुम्ही इथं वर्ग भरवताय!"

बायको मध्ये पडली. "आबा, कुकरची शिटी जिरल्याशिवाय आई झाकण काढते का? चला सावलीत."

त्यांनी हात झटकला, लिंबाखाली गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. माझ्याशी बोलणं बंद. "तुझ्या मास्तरला विचार, मुहूर्त थांबतो का म्हणावं," असं मुलीला ऐकवत राहिले. खरं सांगायचं तर मलाही धाकधूक होती. मी उगाचच अडवलं असेल तर?

इंजिन बंद केलं तरी त्याची धग पाण्यात उतरतच असते. थोड्या वेळानं फाडकन आवाज झाला. रेडिएटरचा रबरी पाइप फाटला होता. मघाशी आबा जिथं वाकले होते, नेमका तिथूनच वाफेचा पांढरा लोट उसळला. उकळतं पाणी रस्त्यावर फेसाळत पसरलं.

बायको माझा दंड घट्ट धरून रडायला लागली. आबांनी दोन्ही हात स्वतःच्या तोंडावरून फिरवले, हळू, चाचपल्यासारखे. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाणी आहे का प्यायला?" मी बाटली दिली. छातीवरचं ओझं उतरलं होतं.

जीप तिथंच सोडून आम्ही धुळ्याची एसटी पकडली. आबांनी मला खिडकीशी बसवलं. पारोळा आलं. मग आबा एकदम म्हणाले, "दाब जास्त तर पाणी उशिरा उकळतं. मग दाब कमी असला तर?"

"तर लवकर उकळतं. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी असतो. तिथं पाणी खळखळतं, पण पुरेसं तापत नाही."

"म्हणून बद्रीनाथला डाळ शिजली नव्हती!" आबा मांडीवर थाप मारून हसले. "आणि मी हिच्या आईला चार लोकांत बोललो, तुला साधी डाळ शिजवता येत नाही म्हणून."

पुढच्या सीटवरून बायको वळली. "आबा, हे आज आईला सांगायचं."

"साखरपुडा होऊ दे आधी," आबा म्हणाले.