बोटावर फिरलेलं गाणं

शहापूरच्या बाजारात घड्याळं आणि ग्रामोफोन दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. मी तिथल्या शाळेत शिकवायचो; शाळा सुटली की त्यांच्याकडे टेकायचो. ते तबकडी लावत आणि डोळे मिटून म्हणत, "मास्तर, गानारीला सगलेच ऐकतात. तुमी मागचा पेटीवाला ऐका. त्याचं नाव कुठं छापलेलं नाय, पन गानं त्यानंच उभं केलंय."

एकदा खर्डीला लग्नात त्यांचा ग्रामोफोन वाजत होता. वऱ्हाड नाचायला उठलं आणि आतली स्प्रिंग तुटली. गाणं रडल्यासारखं लांबत जाऊन थांबलं. नवरीचा चेहरा उतरला. गृहस्थांनी तबकडीवर बोट टेकवलं, पायानं ठेका धरला आणि ती हातानंच फिरवू लागले. सूर जरा डगमगला, मग सरळ झाला. मांडव पुन्हा नाचू लागला. ते घामाघूम होऊन हसत होते.

तीन गाण्यांत बोट सोलून निघालं. नवरीनं ते पाहिलं आणि वाटीतली हळद आणून स्वतः लावली.

"काका, आता ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट पुढं केलं. "ह्ये अजून कोरं हाय गो. सांग, कुठलं गानं लावू?"