झूम करू न देणारे दिवाकरकाका

दिवाकरकाकांना आज दुपारी जाळून आलो.

दोन वर्षं किडनी, डायलिसिस, अकोल्याच्या चकरा. काल सकाळी सुटले एकदाचे. मी मुंबईहून गाडीत बसलो आणि आज नांदुऱ्याला उतरलो. खूप थकलोय. पण लिहिलं नाही तर झोप लागणार नाही.

हे वाचणाऱ्या आपल्या गावाकडच्या अर्ध्या लोकांच्या लग्नाच्या कॅसेट आणि सीडी काकांनीच काढल्यात. वडनेरपासून जानेफळपर्यंत. घर आमच्या शेजारी. ग्रॅज्युएशननंतर तीन वर्षं मी त्यांच्यासोबत लग्नं शूट केली. आज सिरीयलच्या कॅमेऱ्यावर पोट भरतो, ते त्या तीन वर्षांच्या जीवावर.

पहिल्याच लग्नात मी झूम केला, तर मागून पाठीत धपका.

"झूम काऊन करतं बे? पाय नाहीत का तुले? चालत जाय."

जवळ जायचं तर खरंच जवळ जायचं. माणसाला कळलं पाहिजे की आपण आलोय, असं त्यांचं म्हणणं.

अँगलचं शास्त्र दोन वाक्यांत संपायचं. "खालून घेतलं का कोनीबी पाटील दिसते. वरून घेतलं का बिचारा दिसते." म्हणून नवरीच्या बापाला वरून घ्यायला सक्त मनाई. कितीही गर्दी असो, स्टूलवरून उतरायचं आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीला यायचं.

आधी वाइड, म्हणजे पाहणाऱ्याला कळतं आपण कुठं आहोत. मग क्लोजअप, म्हणजे कळतं कोणाला काय होतंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. "होनारी गोष्ट एका सेकंदात होऊन जाते. तिच्याकडं जो पाहून राह्यला, त्याच्या तोंडावर थांब."

मोठमोठ्या सेटवर हेच मला इंग्रजीत ऐकवतात. मी मान डोलावतो.

आता माझं पाप सांगतो.

माझ्या बहिणीचं, सोनूचं, लग्न ठरलं. काका म्हणाले, "सोनूचं शूटिंग मीच करनार."

मी म्हणालो, "काका, तुमचं ते जुनं झालं आता. या, आरामात जेवा."

काका म्हणाले, "बरं बाप्पा."

लग्नाला इस्त्रीचा सफारी घालून आले. हात रिकामे. त्यांचं काय करावं ते त्यांनाच कळत नव्हतं.

आमच्याकडे मुलीची आई अक्षता पडताना पाहत नाही. मंगलाष्टका सुरू झाल्या की ती तुळशीला पाणी घालत बसते. आईसुद्धा लॉनच्या मागे एका कुंडीपाशी बसली. म्हणजे तो क्षण तिला दिसणार होता तो फक्त माझ्या व्हिडिओत.

आणि मी ड्रोन उडवत होतो.

कॅमेरा हलू न देणारा गिंबलचा दांडा धरून मित्र गोल गोल फिरत नेमका सोनूच्या पाठीमागे पोचलेला.

घरी टीव्हीवर लावलं. अक्षतांचा पाऊस, स्लो मोशन, वर म्युझिक. मी कौतुकाची वाट पाहतोय.

आई म्हणाली, "हे कोनाकोनाचे डोके आहेत रे? आपली सोनू कुठी आहे?"

सोनूचा चेहरा नव्हताच. एकाही क्लिपमध्ये नाही.

आई रागावली नाही. भाजी निवडायला बसली. त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी काका चहाला आले. आईनं विचारलं, "भाऊ, तुमी तर होते ना तिथी?"

काकांनी कप खाली ठेवला.

"होतो ना वहिनी. समोरच उभा होतो. अंतरपाट खाली आला. नवरदेव सोनूकडं पाहून हासला. पन सोनूनं त्याच्याकडं नाही पाह्यलं. तिनं मागं वळून पाह्यलं. गर्दीत. तुमाले शोधून राह्यली होती. मग तिले ध्यानात आलं, आई नसते इथी. तवा ओठ असा दाबला अन् हार टाकला."

आई तिथंच रडली. मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो.

एक शब्दही टोमणा मारला नाही त्यांनी मला. मारायला हवा होता. मी माफी मागेन मागेन म्हणत राहिलो, दोन वर्षं डायलिसिसमध्ये गेली आणि राहूनच गेलं. फोनवर फक्त "काका, काळजी घ्या." लाज वाटते.

आज स्मशानातून परत आलो. काकू भिंतीला टेकून बसलेल्या. शेजारच्या बाईनं दिलेला चहा तसाच हातात, त्यावर साय धरलेली.

आमच्याकडे बाया स्मशानात जात नाहीत.

काकूंनी मला जवळ बोलावलं. त्यांचा मुलगा वैभव कालपासून दगडासारखा होता. डोळ्यांत टिपूस नाही.

"वैभू रडला का रे तिथी?"

सगळे चितेकडे पाहत होते. मी वैभवकडे पाहत होतो.

"रडला काकू. मडकं फोडलं तोवर काही नाही. मग हात धुवायला नळावर गेला. हात धुऊन झाले तरी नळ बंद करेना. पाण्याच्या आवाजात रडत होता."

"जवळ गेलतं का कोनी?"

"मी गेलो काकू. चालत."

काकू तोच गार चहा एका दमात प्यायल्या.

काका, माफ करा. निघा आता, आरामात.