अर्लीनची मागची खोली

अर्लीन वोझ्नियाकच्या दुकानात मी अकरा वर्षं पिंजरे धुतेय, आणि त्यातली दहा तिच्या हट्टावर चिडण्यात गेली. बफेलो शहराच्या दक्षिणेला कुत्र्यामांजरांचं आमचं एवढं एकच दुकान. जागा टीचभर, तरी मागची खोली बाईने कायम रिकामी ठेवलेली. "आजारी जनावराला वेगळी जागा हवी, कायदाच आहे," एवढंच उत्तर. गिऱ्हाइकं विचारायची, "भुतांना भाड्याने दिलीयस का गं?"

त्या जानेवारीत बर्फाने रस्ते बंद झाले. दुकानात एकच बीगल कुत्र्याचं पिल्लू, नुकतंच आलेलं, आणि जनावरांचे डॉक्टर हफ चार मैलांवर अडकलेले. अशात डेल आला. हा गावचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. त्याची बायको मार्सी कॅन्सरचे उपचार संपवून दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून घरी येणार होती, आणि त्याने तिला पिल्लाचा शब्द दिला होता.

"डॉक्टरने तपासल्याशिवाय विकता येत नाही," अर्लीन म्हणाली.

"अगं, चाळीस वर्षं पिल्लं बघतेस! तूच लिही, ठणठणीत आहे म्हणून."

"दिसतंय ठणठणीतच. पण माझ्या डोळ्यांना परवाना नाही."

"मग मार्सीला काय सांगू? कागद आला नाही म्हणून?"

मलाही राहवेना. "दे ना गं, उद्या तपासू," मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने फडकं उचललं.

तिने पिल्लू कोटात घातलं. "डेल, ट्रक बाहेरच आहे ना? मग काढ रस्ता."

आम्ही तिघं निघालो. चार मैलांना दोन तास लागले. डॉक्टरांनी अंधार करून पिल्लाच्या कानामागे निळा दिवा धरला, तर केसांखाली टिकलीएवढा डाग हिरवा चमकला. गजकर्ण.

"हे माणसालाही लागतं," डॉक्टर म्हणाले. "आणि मार्सीच्या अंगात सध्या कशाशीच लढायची ताकद नाही."

डेलने पिल्लावरचा हात काढून घेतला. मला माझीच लाज वाटली.

पिल्लू मागच्या खोलीत गेलं. दोन दिवसांनी मार्सी स्वतः आली, खोलीच्या काचेच्या दाराबाहेर उभी राहिली. औषध लावायला कानाभोवती भादरलेलं ते ध्यान बघून तिने आपली लोकरी टोपी काढली. डोक्यावर एक केस नव्हता.

"बघू या रे, कोणाचे आधी उगवतात!"

ती रोज यायची. मार्चमध्ये पिल्लू बरं झाल्याचा डॉक्टरांचा कागद आला; त्याच्या कानाभोवती केसही उगवले होते. "हरले मी," मार्सी म्हणाली आणि पिल्लाला छातीशी धरून रडली.

ती पिल्लू घेऊन घरी गेल्यावर मी मागची खोली घासूनपुसून घेतली, आणि कुणी सांगायच्या आत रिकामी ठेवली.