टाकीखालची सावली

शेवगाव तालुक्यातल्या एका गावात मी बांधून घेतलेली पाण्याची उंच टाकी आहे. तेव्हा मी शाखा अभियंता होतो, आता निवृत्त आहे. त्या टाकीच्या खांबांना तडे गेलेत. का गेले हे गावात कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे.

काँक्रीट ओतलं की पुढचे दोन-तीन आठवडे त्यावर पाणी मारावं लागतं, नाहीतर ते वरून दगडासारखं दिसतं आणि आतून कच्चं राहतं. खांबांना गोणपाट गुंडाळून आम्ही ते ओलं ठेवायचो. म्हणजे ठेवायला हवं होतं. काम नेमकं उन्हाळ्यात आलं. गावात प्यायला पाणी नव्हतं, म्हणून तर टाकी मंजूर झाली होती. बांधकामासाठी वेगळा टँकर यायचा. तो आला की बायका हंडे घेऊन उभ्या. हे पाणी खांबांचं आहे, असं कुठल्या तोंडानं सांगणार? मी मुकादमाला म्हणायचो, "भरू दे त्यांना." टँकर रिकामा व्हायचा, गोणपाट कोरडं ठणठणीत. आणि मी नोंदवहीत रोज लिहायचो, पाणी मारले, समाधानकारक.

काम पावसाळ्यानंतर करू, असं वर कळवता आलं असतं. नाही कळवलं. उशीर झाला असता तर बोलणी मला बसली असती. शिवाय मला स्वतःचं भारी कौतुक वाटत होतं. नियमापेक्षा माणसं मोठी मानणारा साहेब म्हणे.

त्याच काँक्रीटचे ठोकळे तपासणीसाठी भरतात, त्यांना आम्ही क्यूब म्हणतो. ते मात्र शाळेजवळच्या हौदात पुरते बुडवून ठेवले होते. पाणी कमी झालंय का, हे मी रोज सकाळी स्वतः हात घालून बघायचो. एकदा एक बाई कळशी घेऊन त्या हौदाशी आली, तर मी तिच्यावर खेकसलो. हे मी कित्येक वर्षं विसरून गेलो होतो. विसरलो कसला, आठवायचंच नव्हतं. खांबांचं पाणी देताना दयाळू असलेला मी क्यूबच्या पाण्यापाशी मात्र लगेच अभियंता झालो होतो.

अठ्ठावीस दिवसांनी क्यूब नगरच्या प्रयोगशाळेत पास झाले. क्यूब पास म्हणजे टाकी पास, असं मी स्वतःला इतकं सांगितलं की पुढं ते खरंच वाटायला लागलं.

गेल्या वर्षी एका लग्नाला तिकडं गेलो तेव्हा तडे दिसले. नख शिरेल एवढे, आणि त्यांतून गंजाचे तांबूस ओघळ. तसाच आमच्या जुन्या कार्यालयात गेलो. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं फाईल काढली. "सर, क्यूब पास आहेत. रोज पाणी मारल्याची नोंद आहे. अक्षर तुमचंच."

मी म्हणालो, "ती नोंद खोटी आहे."

"मग तसं लेखी द्या," तो म्हणाला. मी दिलं. अजून कुणी पाहणीला आलेलं नाही. सरपंचांना टाकी भरू नका म्हणून विनवलं, तर ते म्हणाले, "साहेब, पुन्हा टँकर आला तर गाव मला ऱ्हाऊ देईल व्हय?"

परवा पुन्हा गेलो. जाऊन करणार काय होतो, कुणास ठाऊक, पण घरी बसवेना. टाकीच्या सावलीत अंगणवाडीच्या मदतनीस बाईनं सतरंजी अंथरली होती आणि पोरं गाणं म्हणत होती. बाईला मी ओळखलं. ती हौदाशी आलेलीच. मी म्हणालो, "बाई, पोरांना इथं बसवू नका. टाकी कच्ची आहे."

तिला वाटलं, मी थट्टाच करतोय. ती हसली.

"असं कसं म्हनता साहेब? त्या टायमाला कळशीभर पानी घेऊ दिलं न्हाई तुमी मला, कामासाठी. एवढं बघून बांधलेली टाकी हाय ही."

तिनं मला बसायला सतरंजीचा कोपरा मोकळा करून दिला. मी बसलो.